श्रद्धा हरपलेली आपली माणसे

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त छत्रपती संभाजीनगर येथे भरलेल्या कुटुंबसभेत केलेले भाषण)



उत्सवसमितीने आम्हांस विषय दिला तो 'ख्रिस्ती कुटुंबातील श्रद्धेचे संवर्धन' असा होता. या विषयावर जे सांगावयाचे ते आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकले आहे: सायंप्रार्थना, रोझरी, रविवारची मिस्सा, मुलांचे धर्मशिक्षण. ते सर्व खरे आहे, आणि त्यात उणे काढण्याचा आमचा विचार नाही. परंतु ज्या घरात हे सर्व यथासांग झाले, आणि तरीही एके दिवशी मुलाने अथवा मुलीने येऊन सांगितले की आपला विश्वास आता उरलेला नाही, त्या घराने काय करावे, याविषयी आपल्या सभांतून सहसा कोणी बोलत नाही. अशी घरे आज या मंडपात बसलेली आहेत. त्यांपैकी एक आमचे आहे. म्हणून समितीची क्षमा मागून आम्ही विषय किंचित वळवून घेतो.

आमचे आजोबा गंगापूर-वैजापूरकडील खेड्यांतून मिशनचे मास्तर म्हणून फिरले. दिवसा मुलांस अक्षरे शिकवावी, रात्री कंदिलाच्या उजेडात मोठ्यांस प्रार्थना शिकवाव्या, हा त्यांचा जन्मभराचा व्यवसाय. आमची एक बहीण धर्मभगिनी आहे, एक चुलतबंधू धर्मगुरू आहेत. आमचा धाकटा मुलगा वयाच्या आठव्या वर्षापासून वेदीसेवक होता, आणि घंटा केव्हा वाजवावी हे त्यास इतर मुलांपेक्षा अधिक बिनचूक ठाऊक होते. अशा घरात, चार वर्षांपूर्वी, आमच्या मातोश्री निवर्तल्या. त्यांच्या महिन्याच्या मिस्सेला सर्व गोतावळा जमला. ख्रिस्तशरीर स्वीकारण्याची वेळ आली तेव्हा आमची ओळच्या ओळ उठली, आणि आमचा धाकटा मुलगा बाकावर तसाच बसून राहिला. लोक त्याच्या गुडघ्यांना वळसा घालून पुढे गेले. कोणी काही बोलले नाही, पण पाहिले सर्वांनी.

त्या रात्री जेवणाच्या वेळी आम्ही त्यास कारण विचारले. तो म्हणाला, "आजीवर माझा फार जीव होता. म्हणूनच तिच्या मिस्सेत खोटे वागणे मला जमले नाही. मी हे मानीत नाही, बाबा. दोन वर्षे झाली. सांगण्याचे धैर्य होत नव्हते." बंधुभगिनींनो, त्याच्या आवाजात उद्धटपणाचा लेशही नव्हता, हे आज आम्ही सांगू शकतो. त्या रात्री मात्र आम्हांस तो आवाज ऐकूच आला नाही. आम्ही म्हणालो, की या घरात अन्नाआधी प्रार्थना होते, आणि ज्याला ती नको त्याला या घरातील अन्नही नको असले पाहिजे. तो उठला, हात धुतले, आईच्या पाया पडला आणि पहाटेच्या गाडीने पुण्यास निघून गेला. त्यानंतर चौदा महिने तो आला नाही. या भाषणात जे काही आहे ते त्या चौदा महिन्यांत आम्ही जे वाचले, आठवले आणि उमजलो त्यातून आलेले आहे.

प्रथम लोक काय म्हणाले ते सांगतो, कारण तुमच्याही घरी हेच म्हटले जाईल. कोणी म्हणाले, संगत वाईट. कोणी म्हणाले, पुस्तके जास्त झाली. लग्न करून द्या म्हणजे ताळ्यावर येईल. (लग्नाने माणूस ताळ्यावर येतो हा आपल्या समाजाचा फार जुना विश्वास आहे, आणि त्यास आधार देणारी उदाहरणे आम्हांस तरी फारशी आढळलेली नाहीत.) परंतु सर्वांत अधिक वेळा जे कानी आले, आणि तेही कुजबुजीने, ते असे, की पोराला दाखला पाहिजे असेल.

हा संशय आपल्या मराठवाड्यातील ख्रिस्ती माणसाच्या मनात का येतो, हे बाहेरच्यास समजणार नाही. आपणांस सांगावे लागत नाही. तरी तरुणांसाठी दोन वाक्ये सांगणे इष्ट. 10 ऑगस्ट 1950 रोजी राष्ट्रपतींनी अनुसूचित जातींविषयी जो आदेश काढला त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदूंखेरीज इतर धर्माच्या माणसास अनुसूचित जातीत गणण्याचे नाकारले. 1956 साली शिखांचा आणि 1990 साली बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती व मुसलमान बाहेरच राहिले. आपल्या खेड्यापाड्यांतील बहुसंख्य कुटुंबे ज्या समाजांतून आली त्यांस गावकुसाबाहेरची वस्ती, पाणवठ्यावरचा अपमान आणि हातावरचे पोट ही सर्व वारशाने मिळाली होती. स्नानसंस्काराने त्यांतील एकही गोष्ट गावाने परत घेतली नाही. सवलत मात्र गेली. तेव्हा एका घरात एक नाव कागदावर आणि दुसरे मंदिरातील नोंदवहीत, असा प्रकार घडला. ज्यांनी तसे केले त्यांस आम्ही नावे ठेवीत नाही. भुकेपुढे उपदेश करणे सोपे असते. पण या दुःखाने आपणा सर्वांची दृष्टी एका गोष्टीपुरती अधू करून टाकली आहे. कोणी श्रद्धा गमावली असे ऐकले की आपण लगेच त्यामागचा लाभ शोधतो. आमच्या मुलास दाखला नको होता, आणि त्याने तो कधी मागितला नाही. त्याने काही मिळविले नव्हते. उलट गमावले होते, आणि ते गमावल्याचे दुःख तो दोन वर्षे एकटा वाहत होता.

श्रद्धा खरोखरच नाहीशी होऊ शकते, ही गोष्ट धार्मिक घरातील माणसास समजणे सर्वांत कठीण. याविषयी संत तेरेझा, जिला आपण बाळ येशूची तेरेझा म्हणतो, तिची साक्ष आम्हांस फार मोलाची वाटली. तिच्यापेक्षा धार्मिक घर दाखविणे अवघड. पाचही बहिणी धर्मभगिनी झाल्या. आईबाप लुई आणि झेली मार्टिन यांस 2015 साली संतपद मिळाले. या घरातली ही मुलगी स्वतः लिहिते, की जगात खरोखर अश्रद्ध माणसे असतात यावर आधी तिचा विश्वासच नव्हता. असे लोक आपल्या अंतःकरणाविरुद्ध बोलत असावेत असे तिला वाटे. मग 1896 सालच्या ईस्टरच्या दिवसांत तिच्यावर अंधार आला. स्वर्ग आहे हा विचार, जो तिच्या जिवाचा विसावा होता, तोच तिला छळू लागला. 30 सप्टेंबर 1897 रोजी वयाच्या चोविसाव्या वर्षी ती गेली, तोपर्यंत हा अंधार पुरता उठला नाही. त्या काळात तिने स्वतःस काय समजावे? अश्रद्धांच्या मेजावर बसलेली त्यांची बहीण. ती त्यांच्यापासून दूर सरकून बसली नाही, आणि देवाची इच्छा असेपर्यंत त्याच मेजावरची कडू भाकर खाण्याची तिने तयारी दाखविली. 1927 साली पवित्र धर्मसभेने तिला मिशनांची आश्रयदात्री केले, हेही लक्षात ठेवण्याजोगे.

आणि फ्रान्सपर्यंत जाण्याचे तरी काय कारण? आपल्या धर्मप्रांताचे मुख्य मंदिर ज्यांच्या नावाने उभे आहे, आपल्या शहरातील कित्येक मुले ज्यांच्या नावाच्या शाळेत शिकली, त्या संत फ्रान्सिस द सेल्स यांचे चित्र आपण पाहतो ते शांत, प्रसन्न, दाढीधारी महागुरूंचे. परंतु 1586 सालच्या अखेरीस पॅरिसमध्ये शिकत असताना, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, या मुलाची अशी खात्री झाली होती की देवाने आपणांस कायमचे टाकले आहे. पूर्वनियतीचा तो प्रश्न त्या काळी विद्यार्थ्यांच्या वादाचा विषय होता. इतरांस तो वाद होता, यास तो फास झाला. सुमारे सहा आठवडे त्यास अन्न गोड लागले नाही, झोप आली नाही. शेवटी एका मंदिरात मारीयामातेच्या मूर्तीपुढे त्याने जी प्रार्थना केली तिचा आशय असा, की परलोकी तुझ्यावर प्रेम करण्याचे माझ्या नशिबी नसेल, तर निदान या जन्मी तरी मी ते करीन. त्या क्षणी ओझे उतरले असे चरित्रकार सांगतात. आम्हांस मात्र ओझे उतरले त्यापेक्षा ते सहा आठवडे अधिक महत्त्वाचे वाटतात. त्या सहा आठवड्यांत कोणी त्या मुलास जेवणावरून उठविले असते तर?

सर्वांचे ओझे उतरतेच असेही नाही. आपल्या मराठी मुलखातले एक नाव सांगतो. नीलकंठशास्त्री गोरे, म्हणजे नेहेम्या गोरे, हे चित्पावन ब्राह्मण घराण्यातले. जन्म 1825 चा, वाढले काशीस. मिशनऱ्यांचे खंडन करण्यासाठी त्यांनी ख्रिस्ती शास्त्रे वाचावयास घेतली, आणि 1848 साली स्वतःच ख्रिस्ती झाले. ते आपल्या रोमन कॅथलिक सभेचे नव्हते, अँग्लिकन होते. पण विद्वत्तेत त्यांच्या तोडीचा मराठी ख्रिस्ती त्या शतकात विरळा. 'षड्दर्शनदर्पण' हा त्यांचा ग्रंथ, आणि पंडिता रमाबाईंच्या धर्मविचारांवर ज्यांचा प्रभाव पडला त्यांत गोऱ्यांची गणना होते. हे गोरे 1895 साली मुंबईस निवर्तले तोपर्यंत शंकांनी त्यांचा पिच्छा सोडला नव्हता. दुसऱ्यांच्या शंकांचे निरसन करणारा हा मनुष्य स्वतःच्या शंकांनी रात्री-अपरात्री हैराण होई. कौलीच्या संन्यासी-मंडळात ते नवशिके म्हणून राहिले, पण अखेरचे व्रत घेण्याचे त्यांच्याने झाले नाही. त्यांनी आपली शंका लपविली नाही, आणि ज्यांच्यात ते वावरत होते त्यांनीही त्यांस दूर लोटले नाही. नाहीतर मराठी ख्रिस्ती समाज त्या माणसास मुकला असता.

येथे कोणी म्हणेल, की शंका वेगळी आणि नकार वेगळा. तेरेझा, फ्रान्सिस, गोरे हे तिघेही अंधारात देवाचाच हात शोधीत होते, तुमचा मुलगा तर हात सोडून गेला. हा आक्षेप योग्य आहे. आम्हीही तो चौदा महिने मनाशी धरून होतो. त्याचे उत्तर आम्हांस कोणत्या ग्रंथात मिळाले नाही. ते घरातल्याच एका गोष्टीत सापडले, जी आम्ही शेकडो वेळा अभिमानाने सांगितली होती.

आमचे आजोबा तरुणपणी ख्रिस्ती झाले. त्यांची आई मरीआईची भक्त. पुढल्या एका पावसाळ्यात गावात पटकीची साथ आली, आणि जुन्या चालीप्रमाणे मरीआईचा गाडा गावाच्या शिवेपलीकडे नेऊन सोडण्याचे ठरले. गाड्यास हात लावण्याचा मान आमच्या घराण्याचा होता. आजोबांनी हात लावण्याचे नाकारले. "मी हे मानीत नाही," असे ते चारचौघांत म्हणाले. त्यांच्या आईस काय वाटले असेल? तिच्या समजुतीप्रमाणे तिच्या मुलाने गावातील प्रत्येक घरच्या मरणाचे पाप डोक्यावर घेतले होते. ती त्याच्याशी बोलेनाशी झाली. मग सुगीच्या दिवसांत एका संध्याकाळी ती मिशनच्या झोपडीपाशी आली. आत पाऊल ठेवले नाही. उंबऱ्याबाहेर बसली, पदराखालची ज्वारीची भाकर आणि ठेचा काढून आत सरकविला, आणि मुलाचे खाऊन होईपर्यंत थांबली. त्यानंतर ती वरचेवर येई. तिने स्नानसंस्कार कधीच घेतला नाही. ती वारली तेव्हा आजोबांनी खांदा दिला, पण विधीत भाग घेतला नाही. बाजूस उभे राहून ते मनातल्या मनात प्रार्थना म्हणत राहिले.

ही गोष्ट आमच्या घरी आजोबांच्या धैर्याची म्हणून सांगितली जाई. चौदा महिन्यांनंतर एका रात्री ती आम्हांस आमच्या पणजीची गोष्ट म्हणून प्रथमच ऐकू आली. आजोबा आपल्या आईच्या मर्तिकात बाजूस उभे राहिले त्यास आम्ही निष्ठा म्हटले. आमचा मुलगा आपल्या आजीच्या मिस्सेत बाकावर बसून राहिला त्यास आम्ही घराण्यास बट्टा म्हटला. दोघेही आपापल्या आजी-आईच्या प्रेतापुढे खोटे वागावयास तयार नव्हते. आणि मरीआईची ती निरक्षर भक्त उंबऱ्याबाहेर बसून जे करू शकली, ते आम्ही, नित्य ख्रिस्तशरीर स्वीकारणारे, आपल्या स्वयंपाकघरात करू शकलो नाही.

आपणा मराठी ख्रिस्ती लोकांचा इतिहास उघडून पाहा. त्याच्या पहिल्या पानावर कोणाच्या ना कोणाच्या आईचे रडणे आहे. 1843 साली मुंबईत नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. हेच पुढे आपल्या शेजारी जालन्यास आले आणि त्यांनी बेथेल ही वसाहत वसविली. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहावयास गेला होता. न्यायालयाने त्या अल्पवयी मुलास बापाच्या स्वाधीन केले. त्यास प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे म्हणून 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांनी खटपट केली आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. एका बापाचे दोन मुलगे, एक इकडे, एक तिकडे. त्या बापाची बाजू आपल्या पुस्तकांत कोणी लिहिली आहे?

लक्ष्मीबाई टिळकांनी मात्र आपली बाजू स्वतः लिहिली, आणि मराठी भाषेवर उपकार केले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईस ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा या बाईंवर काय कोसळले ते 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यास ठाऊक आहे. कित्येक वर्षे नवराबायको वेगळी राहिली. पुढे त्या नगरास नवऱ्याकडे आल्या तेव्हा त्या ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. आपले सोवळे, आपले पाणी, आपला स्वयंपाक सांभाळून त्या त्या घरात राहिल्या, आणि टिळकांनी ते राहू दिले. 1900 साली त्यांनी स्नानसंस्कार घेतला तो स्वतःच्या मनाने. या हकिकतीचा शेवट गोड आहे म्हणून आपण ती सांगतो. पण ज्या दिवसांत एका घरात दोन धर्म आणि दोन चुली होत्या, त्या दिवसांकडे आम्ही तुमचे लक्ष वेधू इच्छितो. शेवट कसा होणार हे त्या वेळी दोघांपैकी कोणासही ठाऊक नव्हते.

याच सुमारास आम्ही संत ऑगस्टीनचे 'कन्फेशन्स' पुन्हा वाचावयास घेतले. संत मोनिकेचे अश्रू आपण सर्वांनी प्रवचनांत ऐकले आहेत. पण एक बारीक तपशील प्रवचनांत सहसा येत नाही, निदान आमच्या कानी आलेला नव्हता. मुलगा मानी पंथात गेला तेव्हा मोनिकेने त्यास आपल्या घरात राहू देण्याचे आणि आपल्या मेजावर जेवू देण्याचे नाकारले होते. म्हणजे अगदी आमच्याप्रमाणेच! मग तिला एक स्वप्न पडले, आणि त्या स्वप्नाने तिने काय केले? तिने त्यास पुन्हा घरात घेतले. तो बदलला म्हणून नव्हे. त्यानंतरही तो कित्येक वर्षे त्याच पंथात होता. तिने एका बिशपांस विनंती केली की माझ्या मुलाशी वाद घालून त्याचे मन वळवा. त्यांनी ते नाकारले. तो अजून ऐकण्याच्या मनःस्थितीत नाही, त्यास सोडा आणि देवाची प्रार्थना करा, असा त्यांचा सल्ला होता. 387 सालच्या ईस्टरच्या रात्री मिलान येथे ऑगस्टीनला स्नानसंस्कार मिळाला, आणि त्याच वर्षी मोनिका वारली. आम्ही स्वप्नाची वाट पाहिली नाही. त्या पानावर पुस्तक उपडे ठेवले आणि मुलास फोन लावला. "रविवारी जेवावयास ये. तुझी आई पुरणपोळी करणार आहे," एवढेच आम्हांस बोलता आले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्याने विचारले, "प्रार्थनेचे काय?" आम्ही म्हणालो, "आम्ही म्हणू. तू बस."

आता काही व्यवहाराच्या गोष्टी.

आपल्यापैकी कित्येकांस अशी भीती वाटते की मुलास असे मोकळे ठेवणे म्हणजे धर्मसभेच्या शिकवणुकीस बाध आणणे. तसे नाही. 7 डिसेंबर 1965 रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेच्या अखेरीस, एकाच दिवशी दोन दस्तऐवज प्रसिद्ध झाले. एकात असे आहे की श्रद्धेची कृती स्वभावतःच स्वतंत्र असते आणि कोणावरही तिची सक्ती होता कामा नये. दुसऱ्यात निरीश्वरवादाची कारणे सांगताना परिषद म्हणते, की त्यात श्रद्धावंतांचाही वाटा असू शकतो. त्यांच्या सदोष शिकवणुकीने आणि वागणुकीने देवाचे मुख झाकले जाते. हे दुसरे वाक्य आपण घराघरांतून वाचावे. आमच्या मुलाने पुढे एकदा सांगितले, की तो दहावीत असताना त्याने अंतोनच्या नवसाविषयी एक प्रश्न विचारला होता आणि आम्ही त्यास गप्प केले होते. आम्हांस तो प्रसंग आठवतसुद्धा नाही. आपल्याच शहरात बाबासाहेब आंबेडकरांनी महाविद्यालय काढले त्यास मिलिंदाचे, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्या राजाचे, नाव दिले. त्याच्या भोवतालचे नागसेनवन उत्तर देणाऱ्या भिक्षूच्या नावाने आहे. आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गांतून नागसेन पुष्कळ झाले, मिलिंद मात्र आपण बाकावर उभे केले.

विवाहाची गोष्ट. मुलाने किंवा मुलीने श्रद्धा सोडली आहे असे उघड असता, "चार लोकांसाठी हो म्हण," असे म्हणून त्यास वेदीपुढे उभे करू नका. धर्मसभेच्या 1983 च्या विधिसंहितेत अशा विवाहाचा स्वतंत्र विचार केलेला आहे. कलम 1071 प्रमाणे त्यास धर्मप्रांताधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि दुसऱ्या पक्षाच्या श्रद्धेस धोका नाही ना हे पाहिले जाते. म्हणजे खरे सांगूनही मार्ग निघतो. आपल्या धर्मगुरूंस विश्वासात घ्या. घरची लाज म्हणून त्यांच्यापासूनच लपविण्याची जी चाल आहे तिने आजवर कोणाचे भले झालेले नाही.

आणि नातवंडे. मुलगा-सून राजी नसता नातवास न्हाणीघरात नेऊन त्याच्या डोक्यावर तीन वेळा पाणी घालणाऱ्या आजीबाई आपल्या ओळखीच्या आहेत. (हसू नका, आमच्या कुटुंबाच्याही मनात एकदा ते येऊन गेले होते.) प्राणसंकट नसता आईबापांपैकी एकाच्याही संमतीवाचून स्नानसंस्कार देणे विधिसंहितेस मान्य नाही, शिवाय मूल श्रद्धेत वाढेल अशी सयुक्तिक आशाही असावी लागते. चोरून ओतलेल्या पाण्याने विश्वास जातो तो त्या तरुण जोडप्याचा तुमच्यावरचा. त्यापेक्षा नातवास गोष्टी सांगा. गोष्टींस कोणाची हरकत नसते.

जे स्वतः श्रद्धा गमावून बसले आहेत आणि आईबापांस सांगण्यास धजत नाहीत, असेही दोघे-चौघे येथे असतील. त्यांससुद्धा एक सांगतो. बसून राहण्याची कृती तुम्हांस जेवढी जड जाते तेवढीच तुमच्या आईस ती पाहणे जड जाते. तिने रागाने काढलेला पहिला शब्द तिचा शेवटचा शब्द समजू नका. आमच्या मुलाने आमचा पहिला शब्द चौदा महिने शेवटचा मानला. आणि त्यात चूक त्याची नव्हती, कारण दुसरा शब्द बोलण्याची पाळी आमची होती.

तो आता येतो. प्रार्थनेच्या वेळी पानापुढे हात मांडीवर ठेवून बसतो. आम्ही रोझरी म्हणू लागलो की तो उठून दुसऱ्या खोलीत जातो, आणि कधी कधी दाराशी उभा राहून संपेपर्यंत ऐकतो. का, ते आम्ही विचारीत नाही. त्याची श्रद्धा परत आलेली नाही. येईल की नाही हे आम्हांस सांगता येत नाही, आणि येईलच असे आश्वासन तुम्हांस देऊन टाळ्या घेण्याची आमची इच्छा नाही. आम्ही रोज त्याच्यासाठी प्रार्थना करतो. हे त्यास ठाऊक आहे, आणि त्याने कधी हरकत घेतलेली नाही.

आमचा वेळ संपत आला. स्वयंपाकघरातून तसा निरोपही आला आहे. सभेनंतर मागच्या अंगणात पंगत बसेल. या उत्सवासाठी तो काल रात्रीच पुण्याहून आला. मंडपातील दिव्यांची जोडणी त्याने केली आहे, आणि सकाळच्या मिस्सेच्या वेळी तो बाहेर खुर्च्या मांडीत होता. आता तोच भात वाढावयास येईल. तुमच्यापैकी पुष्कळांनी त्यास लहानपणी खेळविले आहे. त्यास त्याच्या आजीविषयी विचारा, कामधंद्याविषयी विचारा. मिस्सेविषयी विचारू नका. आणि त्याने वाढलेले पोटभर जेवा.